सोळा दरवाज्यांची हजेरी

१९७३ सालच्या एप्रिलमध्ये भिंगारच्या लष्करी छावणीत वीज दिवसातून दोनदा जायची. सकाळी दहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, दर वेळी तासभर. पाऊस हुकल्यामुळे धरणांचे तळ दिसत होते आणि त्याची झळ विजेलाही लागली होती. लोकांनी या वेळा अंगवळणी पाडून घेतल्या होत्या. पिठाच्या गिरणीवर नऊच्या आत रांग लागायची आणि शिंपी दुपारी तीनला पंखा बंद पडला की मशीन सोडून पाय पसरायचा. मनकर्णा लवांडे जिथे कामाला होती तिथे मात्र या दोन तासांचे अडीच तासांहून जास्त होत, कारण वीज आली तरी तिथलं मशीन लगेच कामाला लागत नसे.

ती होती छावणीतली गाड्यांच्या इंजिनांची चाचणी घेणारी एक सरकारी शाखा. शेडमध्ये इंजिन लोखंडी चौथऱ्यावर बसवून तासन्‌तास चालवायचं; त्याचं तापमान, त्याचा थरथराट, तेलाचा दाब हे सगळं तारांवाटे शेजारच्या खोलीत यायचं. त्या खोलीत कॉम्प्युटर होता. कपाटाएवढा, करड्या रंगाचा, समोर दिव्यांच्या ओळी आणि बटणं. नगर जिल्ह्यात त्याच्यासारखा दुसरा असल्याचं निदान तिथल्या कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. त्याला सगळे नुसतं ‘मशीन’ म्हणत.

मनकर्णा टेलिप्रिंटरवर बसायची. चोवीस वर्षांची, पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावची, मॅट्रिक होऊन नगरला टायपिंग शिकलेली. मशीनला द्यायचे आकडे ती टाइप करी आणि मशीनने छापलेले आकडे कापून फायलीत लावी. त्या आकड्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता आणि तो लावणं तिचं काम नव्हतं.

मशीन सुरू करायचं काम रंगनाथ पटवेकरांचं. तिशीतला इंजिनिअर, बोलणं कमी, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेन्सिली. सकाळी आठला आणि नंतर दर वेळी वीज आली की ते समोरची बटणं वरखाली करत आणि मग छिद्रं पाडलेली कागदी पट्टी मशीनला भरवत. त्या पट्टीवर मशीन सुरू करण्याचा प्रोग्राम होता. तो त्यांनी स्वतः लिहिलेला होता. वीज अचानक गेली की मशीनच्या आत साठवलेलं बिघडायचं, म्हणून दर वेळी नव्याने भरावं लागे. पट्टी आत जायला तीन मिनिटं लागत. त्यानंतर मशीन पंधरा मिनिटं गप्प. मग टेलिप्रिंटर एक छोटी यादी छापी आणि कामाला सुरुवात होई.

ती पंधरा मिनिटं चहाची, हे ठरून गेलं होतं. पटवेकर कँटीनला जात. वायरमन बन्सी गर्जे विडी ओढायला शेडच्या मागे जाई. मशीन चालू असताना खोलीत एक माणूस हवाच असा नियम होता, म्हणून मनकर्णा बसून राही.

बसून करायचं काय? सुरुवातीला तिने स्वेटर विणायला घेतला. एप्रिलच्या उन्हात लोकरीने हाताला घाम यायला लागला तेव्हा तो ठेवून दिला आणि ती मशीनकडे बघत बसू लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मशीन गप्प असलं तरी अगदी स्वस्थ नसतं. सगळ्यांत खालच्या ओळीत चार दिवे होते. ते मधूनच बदलत. कधी एक पेटे, कधी दोन, मग ते विझून तिसराच.

तिने रजिस्टरच्या मागच्या पानावर ते उतरवायला सुरुवात केली. विझलेल्या दिव्याला गोल, पेटलेल्याला टिंब. पहिल्या दिवशी मध्येच फोन आला आणि काही आकृत्या निसटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या वेळी तिने सगळ्या पकडल्या. सोळा झाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सोळा, त्याच क्रमाने. सर्वांत उजवीकडचा दिवा दर वेळी बदलायचा. त्याच्या शेजारचा दोन वेळांनी, तिसरा चार वेळांनी, चौथा आठ वेळांनी. म्हणजे मशीन मोजत होतं. चार दिव्यांवर जेवढं मोजता येईल तेवढं मोजून थांबत होतं.

हे कळल्यावर तिला एवढा आनंद झाला की तो कुणाला सांगावा हे सुचेना. बन्सी तेवढ्यात आत आला होता. त्याला तिने पान दाखवलं.

“ह्ये काय, रांगोळीचे ठिपके?” बन्सी म्हणाला.

“नाही हो. मशीन मोजतंय. शून्यापासून पंधरापर्यंत.”

बन्सीने पान उलटंसुलटं करून पाहिलं. “आन्‌ मोजायला पंदरा मिन्टं लागत्यात व्हय? माजी नात याच्याहून लवकर मोजती.”

हा प्रश्न तिच्याही मनात होता, पण बन्सीने तो मांडल्यावर तो जास्तच टोचायला लागला. तिच्या हातातल्या घड्याळाला सेकंदकाटा होता. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक आकृतीपुढे वेळ लिहिली. चार आकृत्या पापणी लवते न लवते तोच पुढे सरकल्या. एक आकृती, पहिलीच, पस्तीस-छत्तीस सेकंद टिकली. आणि उरलेल्या अकरा आकृत्या प्रत्येकी बरोबर एक मिनिट वीस सेकंद थांबून राहिल्या. तिने बेरीज केली. त्या अकरांचेच पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास होत होते.

पटवेकर चहा पिऊन आले तेव्हा ती उभी राहिली.

“साहेब, एक विचारू? हे मशीन अकरा ठिकाणी एवढं का थांबतं?”

पटवेकरांनी पान हातात घेतलं. गोल, टिंबं, पुढे सेकंद. मग खुर्ची ओढून बसले.

“हे तुम्ही कधी काढलंत, लवांडे बाई?”

“तुम्ही चहाला जाता तेव्हा.”

“या मशीनला मागच्या बाजूला सोळा दरवाजे आहेत,” ते म्हणाले. “दरवाजे म्हणजे तारा जोडायच्या जागा. टेलिप्रिंटर एका दरवाज्यावर, आकडे साठवणाऱ्या टेपचं कपाट एकावर, शेडमधून येणाऱ्या तारांचे तीन खोके तीन दरवाज्यांवर. झाले पाच. बाकीचे अकरा रिकामे. सुरू झाल्यावर मशीन एकेका दरवाज्याला विचारतं, कोण आहे? जो असेल तो उत्तर देतो. मग मशीन पुढच्या दरवाज्याकडे जातं.”

“आणि जिथे कुणी नाही तिथे?”

“तिथे वाट बघतं. चाळीस सेकंद. मग पुन्हा एकदा विचारतं. पुन्हा चाळीस.”

“पण तिथे कुणीच नाही ना?”

“ते तुम्हाला माहीत आहे,” पटवेकर म्हणाले. “मशीनला कसं कळणार? उत्तर येत नाही याचा अर्थ कुणी नाही असाही होतो, आणि उत्तर द्यायला वेळ लागतोय असाही होतो. दोन्ही वेळी मशीनला ऐकू येते ती शांतताच.”

मनकर्णाने पानावरचे अकरा थांबे बोटाने मोजले. मग म्हणाली, “रिकामे कुठले ते त्याला लिहूनच द्यायचं.”

“दिलं होतं. आधी तसंच होतं.” पटवेकरांनी दाराकडे पाहिलं. बन्सी तिथेच उभा होता. “पण शेडमधलं इंजिन बदललं की बन्सी ते खोके ज्या दरवाज्यापर्यंत तार पोचेल तिथे लावतो. एकदा नऊवर लावलेला खोका माझ्या यादीत नव्हता. दिवसभर त्याचे आकडे आलेच नाहीत. तेव्हापासून मी सगळ्या दरवाज्यांना विचारायला लावलं.”

“तार पुरत न्हाई तर काय करनार साहेब,” बन्सी म्हणाला.

“मी तुम्हाला दोष देत नाहीये.”

मनकर्णाने पुन्हा पानावर बोट ठेवलं. “जे उत्तर देतात ते तर लगेच देतात. मग चाळीस सेकंद कशाला? पाच पुरतील.”

पटवेकर हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. वरून शाखेचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांचा तगादा होताच. चार वाजता वीज आल्यावर मशीन सुरू होईपर्यंत सव्वाचार होऊन जात आणि पाचला इंजिन बंद करायचं असे. त्या दुपारी त्यांनी पट्टीत दुरुस्ती केली. चाळीसचे पाच केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मशीन पाच मिनिटांच्या आत सुरू झालं. कँटीनमध्ये पोचलेल्या पटवेकरांना मनकर्णाने फोन करून परत बोलावलं. कर्नलसाहेब स्वतः येऊन बघून गेले. दहाला वीज गेली, अकराला आली, मशीन पुन्हा पाच मिनिटांत तयार. शेडमध्ये इंजिन सुरू झालं आणि तीनपर्यंत एकसारखं चाललं. चार तास.

तीनला, वीज जायच्या थोडं आधी, पटवेकर टेपच्या कपाटाजवळ गेले. आतली चाकं सकाळी होती तशीच होती. त्यांनी टेलिप्रिंटरवरची अकरा वाजताची यादी ओढून वाचली. पहिल्याच ओळीत होतं: दरवाजा शून्य, कोणी नाही. शून्य दरवाज्यावर टेपचं कपाट होतं. चार तासांचे आकडे मशीनने घेतले होते आणि ठेवायला जागा नाही असं समजून सोडून दिले होते.

कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही. टेपच्या कपाटाला ‘कोण आहे’ विचारलं की ते आधी टेप गुंडाळत सुरुवातीला आणतं आणि मगच उत्तर देतं. सकाळी आठला टेप सुरुवातीलाच असायची, कारण आदल्या संध्याकाळी ती गुंडाळून ठेवलेली असे. अकराला मात्र ती मध्यावर अडकलेली होती, वीज गेली तिथेच. तिला पस्तीस सेकंद हवे होते. मिळाले फक्त दहा.

“पस्तीस सेकंद तुमच्या कागदावर लिहिलेले होते,” पटवेकर म्हणाले. “पहिल्या आकृतीपुढे. मी ते बघितले आणि तरी पाच केले.”

“मीच म्हणाले होते पाच पुरतील.”

“तुम्ही म्हणालात. केलं मी.”

कर्नलसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार लावलेलं होतं, पण बाहेर ऐकू यायचं ते आलं. चार तासांचं डिझेल, एका इंजिनाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. पटवेकरांनी मनकर्णाचं नाव घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत जुनी पट्टी परत आली आणि मशीन पुन्हा अठरा मिनिटं घ्यायला लागलं. मनकर्णाने रजिस्टर मिटून ठेवलं. दोन दिवस तिने दिव्यांकडे पाहिलंही नाही. न पाहण्याचा तिला त्रास मात्र होत होता.

रविवारी ती तिसगावला गेली. पाथर्डीची एसटी भिंगारच्या नाक्यावरच मिळायची. करंजीचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना उघडी जमीन, कुठे पाण्याचा टिपूस नाही. वडील सहादेव घरी नव्हते. जनावरं घेऊन ते चारा छावणीत राहायला गेले होते. आई छबूबाई गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर जात होती. सरकारने दुष्काळात काढलेलं काम, रविवारीही चालू. बाजाराच्या दिवशी तेवढी सुट्टी. मनकर्णा पहिल्या गाडीने निघाली होती, तेव्हा ती आईसाठी भाकरी घेऊन सरळ कामावरच गेली.

हजेरी चालू होती. मुकादम सूर्यभान हातात मस्टर घेऊन दगडावर उभा होता आणि टोळीतली साठेक माणसं उन्हात. त्याने नाव पुकारलं, बाई ‘हाय’ म्हणाली, त्याने टीक मारली. मग एक नाव असं आलं की कुणी बोललं नाही. सूर्यभान थांबला. मान वर करून लांब रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा तेच नाव. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि मगच पुढे गेला. दोन नावांनंतर पुन्हा तेच.

मनकर्णा उभ्या जागी थबकली. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःचंच तिला हसू आलं.

“ती माणसं कुठे आहेत गं?” तिने आईला हळूच विचारलं.

“कुटं असनार. कुनी श्रीरामपूरकडं गेलं, कुनी दुसऱ्या कामावर. पर नाव खोडायचा हुकूम सूर्यभानला न्हाई. साहेब आल्यावर खोडनार.”

“मग एवढा वेळ थांबतो कशाला? पटकन गैरहजर लिहायचं.”

“तसं लिवत हुता की.” छबूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “मागं गोजरबाईला तसंच लिवलं. म्हातारी दोन कोसांवरनं चालत येती, कानानं कमी. ती आली, हुबी राहिली, पर तिचं नाव निघून गेल्तं. दिसभर माती वाहिली आन्‌ मस्टरात न्हाई. तवापासनं त्यो थांबतो. वाईट न्हाई त्यो.”

“वाईट नाही, पण ऊन किती झालं बघ.”

“व्हय, त्ये बी खरं.”

सूर्यभान चौथ्या रिकाम्या नावाशी थांबला होता. छबूबाई खाली बसली आणि भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बोलायला लागली, बोलणं मनकर्णाशी की स्वतःशी ते कळत नव्हतं.

“आपल्या मळ्यात पानी हुतं तवा मी बांदावर हुबी राहून येकदाच समद्यांना हाका टाकायची. तुला, तुज्या बापाला, रोजंदारीच्या बायांना. आन्‌ मंग खाली बसून भाकऱ्या सोडायची. येईल तसं येईल. समद्यात लांब तुजा बाप, मोटंवर. त्यो येईस्तवर थांबायचं. तवर बाकीचे येऊन हात धुवून बसल्याले असायचे. येकाला हाक मारून त्याची वाट बघितली आन्‌ मंग दुसऱ्याला हाक मारली, असं केलं असतं तर दिस मावळला असता.”

मनकर्णा आईकडे बघत राहिली.

“काय झालं?” छबूबाई म्हणाली.

“काही नाही. पुन्हा सांग. बापाला हाक मारल्यावर तू काय करायचीस?”

“काय करनार? बाकीच्यांना मारायची.”

परतीच्या गाडीत मनकर्णाला खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवीतून तिने दुष्काळी कामावर खायला वाटलेल्या सुकडीच्या पुड्याचा कागद काढला आणि पेन्सिलने त्यावर सोळा घरं काढली. मशीन शून्य दरवाज्याला विचारतं आणि तिथेच थांबतं. थांबायचं नाही. विचारून लगेच एककडे जायचं, दोनकडे, पंधरापर्यंत. विचारायला वेळ लागतच नाही, वेळ लागतो तो थांबायला. सगळ्यांना विचारून झालं की मग एकदाच थांबायचं, पुरतं थांबायचं, टेपला पुरेल एवढं. तेवढ्यात जो उत्तर देईल त्याच्या घरात टीक. पस्तीस सेकंदवाला पस्तीसला येईल, बाकीचे आधीच आलेले असतील. आणि रिकामे अकरा एकाच वेळी रिकामे राहतील. अकरा वेळा ऐंशी सेकंद नाहीत, एकदाच ऐंशी.

घाट चढताना गाडी फार हलत होती, तिची घरं वाकडी आली. गाडी मेहेकरीजवळ आली तरी तिला यात चूक सापडली नव्हती. पण पाच सेकंदांतही तिला चूक सापडली नव्हती, हे आठवून तिने घरं पुन्हा पहिल्यापासून तपासली.

सोमवारी सकाळी मशीन सुरू करून पटवेकर चहाला निघाले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. कागद पुढे ठेवला आणि मस्टरचं, गोजरबाईचं, आईचं सगळं सांगितलं. सांगताना आपण फार घरगुती बोलतोय असं तिला वाटलं, पण दुसऱ्या शब्दांत तिला ते सांगता येत नव्हतं.

पटवेकर उभ्याउभ्या ऐकत होते. मग म्हणाले, “अडचण आहे एक. उत्तरं वाटेल त्या क्रमाने येणार. कुणाचं आलं, कुणाचं नाही, हे मशीनने लक्षात ठेवायला हवं. आत जागा फार थोडी आहे. सोळा दरवाज्यांसाठी सोळा जागा मी आणू कुठून?”

“टीक मारायला पूर्ण ओळ कशाला लागते? सूर्यभान एवढ्याशा चौकोनात मारतो.”

पटवेकरांनी खिशातली पेन्सिल काढली, पण लिहिलं काही नाही. मशीनकडे बघत राहिले.

“या मशीनमध्ये एका जागेत सोळा खुणा मावतात,” ते सावकाश म्हणाले. “दिवा पेटलेला किंवा विझलेला, तशा सोळा. सोळा दरवाजे. एकच जागा पुरेल.” ते खाली बसले. “आणि आत्ता मी दरवाज्याचा क्रमांक, किती वेळा विचारलं, किती थांबलो, असं तीन जागांमध्ये ठेवतोय. हे तर लहानच होईल.”

त्या दिवशी ते चहाला गेलेच नाहीत. तीन ते चार वीज नसताना खिडकीपाशी बसून त्यांनी कागदावर प्रोग्राम लिहिला. चारला वीज आल्यावर मनकर्णाने त्यांच्या शेजारी बसून पट्टीवर छिद्रं पाडली. एक ओळ वाचायची, एक पाडायची. दोनदा चुकलं, दोनदा पट्टी फाडून पुन्हा सुरुवात केली. पाचला पट्टी तयार झाली, पण पटवेकरांनी ती लावली नाही.

“उद्या अकराला लावू,” ते म्हणाले. “टेप मध्यावर अडकलेली असताना.”

मंगळवारी दहाला वीज गेली तेव्हा टेप मध्यावरच होती. अकराला ती आली. पटवेकरांनी बटणं वरखाली केली, पट्टी भरवली. तीन मिनिटं. मग चार दिवे असे सरकन धावले की मनकर्णाला एकही आकृती धरता आली नाही. आणि सगळं थांबलं. टेपचं कपाट घुं घुं करत मागे गुंडाळायला लागलं. तिने घड्याळ धरलं होतं. पस्तीस. अडतीस. कपाट थांबलं. साठ. ऐंशीला टेलिप्रिंटर खडखडला.

तिघेही कागदावर वाकले. दरवाजा शून्य, हजर. पटवेकरांनी श्वास सोडला. पुढे वाचत गेले आणि त्यांचं बोट थांबलं.

“सहा,” ते म्हणाले.

“काय सहा?” बन्सीने विचारलं.

“हजर सहा जण आहेत. आपल्याकडे पाच आहेत.”

मनकर्णाने यादी वाचली. बारा नंबर: हजर. “बारावर काय लावलंय?”

“काय न्हाई,” बन्सी म्हणाला. “बाराचा खोका काल मी नऊवर नेला.”

“मग बारावरून उत्तर कोण देतंय?”

पटवेकरांचा चेहरा पडला. नव्या प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण ते लगेच कालचा कागद उघडून ओळीवर ओळ तपासायला लागले. मनकर्णाला मात्र राहवेना. ती मशीनच्या मागे गेली. तिथे अंधार होता आणि गारवा. उन्हाळ्यासाठी त्याच महिन्यात खोलीला वाळ्याच्या जाळीचा कूलर बसवला होता, त्याचं पाणी भिंतीच्या कडेने ठिबकत होतं. तिने पदर खोचला, वाकली.

“गर्जे मामा, इकडे बॅटरी आणा.”

बन्सीने बॅटरी आणली. बारा नंबरची तार त्याने दरवाज्यातून काढलीच नव्हती. खोका तेवढा काढून नेला होता. तारेचं मोकळं टोक जमिनीवर लोंबत होतं आणि ते पाण्याच्या थारोळ्यात पडलं होतं.

“पान्यानं उत्तर दिलं व्हय,” बन्सी म्हणाला.

पटवेकर येऊन त्यांच्याशेजारी उकिडवे बसले.

“ओल्या तारेतून मशीनला खूण मिळाली,” पटवेकर म्हणाले. “मशीनने फक्त एवढंच विचारलं की कोण आहे. उत्तर देणारा खरा आहे का, हे आपण त्याला विचारायलाच सांगितलं नाही.”

“मग नाव विचारायचं,” मनकर्णा म्हणाली. “नुसतं ‘हाय’ नाही चालणार. टेपने टेप म्हणायचं, खोक्याने खोका.”

ती दुरुस्ती व्हायला आणखी चार दिवस लागले. तोवर बन्सीने बाराची तार काढून गुंडाळून ठेवली, कूलरखाली पत्र्याची पन्हळ लावली आणि प्रत्येक दरवाज्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. शनिवारी सगळं मिळून मशीन साडेचार मिनिटांत सुरू झालं. यादीत पाच जण. टेप हजर. इंजिन चार तास चाललं आणि चाकं चार तास फिरली. मनकर्णा मधूनमधून उठून ती फिरताहेत का बघून येत होती. त्याची गरज नव्हती, पण तिला ते बघायचं होतं.

कर्नलसाहेबांनी आठवड्याने पटवेकरांकडून टिपण मागितलं. पटवेकरांनी ते इंग्रजीत लिहिलं आणि टाइप करायला मनकर्णाकडे दिलं. तिसऱ्या परिच्छेदात तिचं पूर्ण नाव होतं, आणि ही पद्धत तिची आहे असं स्वच्छ लिहिलेलं. तिने ते टाइप केलं. मग कागद यंत्रातून न काढता थोडा वेळ वाचत बसली.

“काही चुकलंय का?” पटवेकरांनी विचारलं.

“आईचं नाव नाही घालता येणार ना?”

“सरकारी टिपणात अवघड आहे.” त्यांनी थोडा विचार केला. “पण तुम्हाला काय हवं ते मला सांगा. कर्नलसाहेबांनी विचारलंय.”

मनकर्णाला काय मागावं हे आधी सुचलं नाही. पगारवाढ म्हणावं तर ती त्यांच्या हातात नव्हती. मग तिच्या डोक्यात कित्येक दिवस घोळत होतं ते बाहेर आलं.

“साहेब, पट्टीवर प्रोग्राम आहे. तो मशीन वाचतं. पण वीज आल्यावर आत तर काहीच धड नसतं. मग पट्टी वाचायची कशी, हे त्याला कोण सांगतं?”

पटवेकरांनी टेबलाचा खण उघडून एक घडी घातलेला, कडा मळलेला कागद काढला. त्यावर अठरा ओळी होत्या, प्रत्येकीत सोळा गोल आणि टिंबं.

“ते मी सांगतो. बोटांनी. रोज तीनदा,” ते म्हणाले. “ती बटणं मी वरखाली करतो ना, ते हेच. अठरा वाक्यं. तेवढ्यावर मशीन पट्टी वाचायला शिकतं.”

“म्हणजे मला वाटायचं तसं ते नुसतं चालू करणं नव्हे?”

“बसा इथे,” पटवेकर म्हणाले आणि मशीनसमोरची खुर्ची तिच्याकडे वळवली.

पहिली ओळ तिने कागदावर बोट ठेवून वाचली, मग एकेक बटण लावलं. टिंबाला वर, गोलाला खाली. सोळा झाली की कडेचं लाल बटण दाबायचं, की मशीन ती ओळ आत घेई. दुसरी ओळ. तिसरी. सहावीपर्यंत हात बसला. सातव्या ओळीत तिने दोन बटणं मागेपुढे केली आणि लाल बटण दाबल्यावर ते तिच्या लक्षात आलं. पटवेकरांनी ते आधीच पाहिलं होतं, पण ते काही बोलले नव्हते.

“फक्त सातवी बदलता येईल?” तिने विचारलं.

“येईल. कशी, ते दाखवतो.”

“नको,” मनकर्णा म्हणाली. “आधी पुन्हा पहिल्यापासून करते.” तिने सगळी बटणं खाली केली आणि कागद जवळ ओढला.